उमाटे मॅडम आणि एकटीचं काम

उमाटे मॅडमना खुर्चीत टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पर्स मांडीवर, पर्सचा बंद मनगटाला गुंडाळलेला, आणि नजर दाराकडे. स्टाफरूममध्ये कुणी मोठ्यानं हाक मारली तरी त्या अर्ध्या उठलेल्या असायच्या.

आर्वीच्या आमच्या कॉलेजात त्या गृहअर्थशास्त्र शिकवत आणि मी मराठी. मी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेहून अप-डाउन करायची, त्या पुलगावहून. त्यांची गाडी माझ्या आधी पोचायची, पण त्या सरळ कॉलेजात जात नसत. स्टँडवर रसवंतीच्या सावलीत उभ्या राहत आणि मी वर्ध्याच्या गाडीतून उतरले की म्हणत, "आल्या का? चला." सुरुवातीला मला वाटायचं, ह्यांना चालायला सोबत हवी असेल. पुढे कळलं, मी पोचले की नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांचा पाय स्टँडवरून निघत नसे. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि एका मुलाची आई होते.

काळजी करण्याला त्यांच्याकडे पद्धत होती. पदराला दोन पिना, एक निघाली तर दुसरी. पर्समध्ये ओआरएसची पुडी, आधार कार्डाच्या चार झेरॉक्स, छोटी बॅटरी. प्रयोगशाळेतला गॅस बंद करून कुलूप लावायचं, जिन्यापर्यंत यायचं, परत जायचं, कुलूप काढायचं, गॅस बघायचा. मुली हे बघून हसत, पण तोंडावर नाही. त्यांचे यजमान पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला होते. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी बाहेर कुठे टायर फुटला की फळ्यावर लिहिता लिहिता मॅडमचा हात थांबायचा. वर्ग गप्प बसून वाट बघायचा. थोड्या वेळानं त्या राहिलेला शब्द पुरा करायच्या आणि पुढे शिकवायला लागायच्या.

त्यांच्याजवळ एक लांबट वही होती. प्रत्येक मुलीच्या नावापुढे गावाची गाडी किती वाजता सुटते, गावच्या फाट्यावर घ्यायला कोण येतं आणि त्याचा फोन नंबर. संध्याकाळी शेवटची मुलगी गाडीत चढली की त्या पुलगावच्या गाडीकडे वळत. एखादी गाडी रद्द झाली तर मॅडमची स्वतःची गाडी हमखास चुकायची.

आता कॉलेजची गोष्ट सांगायला हवी, कारण मॅडमची सगळ्यात मोठी काळजी तिच्यातच होती. कला शाखेचे विद्यार्थी दरवर्षी कमी होत होते. बारावीचा निकाल लागला की आम्ही दोघी-दोघी करून आसपासच्या गावांत फिरायचो आणि पोरींच्या आईबापांना प्रवेशासाठी गळ घालायचो. वर्ग भरला नाही तर विषय बंद होईल हे आम्हालाही ठाऊक होतं आणि आमच्याकडे बघणाऱ्यांनाही. भाजीपाला पिकवणारी घरं, आईबाप वाफ्यात. उभ्या उभ्या बोलणं व्हायचं. आणि सगळीकडे एकच प्रश्न यायचा: कॉलेजात जाऊन पोरीले भेटते काय?

मी तयार होते. पदवी, स्पर्धा परीक्षा, शिक्षिकेची नोकरी, चांगलं स्थळ, जे ज्या घरात चालेल ते मी सांगायची. उमाटे मॅडम अशा वेळी पदराच्या टोकाची घडी घालत आणि उलगडत बसत. एकदा अशाच एका घरून निघून आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी सांगितलं ते खरं आहे का हो, काळे मॅडम? मले तं नोकरी लागलेल्या आपल्या पोरी बोटावर मोजाव्या लागतात."

मला राग आला. उन्हातान्हात मी बोलायचं आणि ह्यांनी शंका काढायची. मी म्हटलं, मग काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

दोन दिवसांनी स्टँडवरून कॉलेजकडे चालताना त्यांनी आपणहून विषय काढला. त्यांची एकुलती मुलगी एम.एस्सी. झाली होती, लग्न होऊन अमरावतीला होती. हुशार मुलगी. पण बँकेत जायचं तर नवरा पाहिजे, दवाखान्यात जायचं तर सासू पाहिजे. गाडीत ऊन लागलं तर खिडकी लावा हे शेजारच्याला सांगायचीसुद्धा तिला धास्ती. हे सांगताना मॅडमनी चाल कमी केली.

"लहानपणापासून मी तिले कुठं एकटीले जाऊच नाई दिलं," त्या म्हणाल्या. "माह्या भेवानं खाल्लं तिले."

त्याच वर्षी त्यांनी 'एकटीचं काम' सुरू केलं.

दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलीनं वर्षातून एकदा एक काम एकटीनं करून यायचं. ज्या कचेरीत आपण कधी पाऊल ठेवलं नाही अशा ठिकाणी जायचं आणि घरचं एखादं अडलेलं काम मार्गी लावायचं. सोबत मैत्रीण नाही, भाऊ नाही. घरी विचारून जायचं, ही पहिली अट. परत आल्यावर वर्गापुढे उभं राहून काय झालं ते सांगायचं, ही दुसरी. त्यात कुठे भीती वाटली ते गाळायचं नाही. ह्याला गुण नव्हते. विद्यापीठाच्या कुठल्याही कागदावर हे नव्हतं.

मुली जात. एक मुलगी पोस्टाच्या दारातून दोनदा परत आली आणि तिसऱ्यांदा आत गेली. एकीनं एसटीच्या डेपोत जाऊन विचारलं की आमच्या फाट्यावर सकाळची गाडी काऊन थांबत नाही, आणि साहेबांनी तिला खुर्ची दिली म्हणून ती इतकी घाबरली की पुढचं बोलायचंच विसरली. ते ऐकताना वर्ग हसला, तीही हसली. मी कधी कधी मागच्या बाकावर जाऊन बसायची. मराठीच्या तासाला माझ्यासमोर मान वर न करणाऱ्या मुली तिथे पाच-पाच मिनिटं बोलत.

मुलगी कामाला गेली असेल त्या दिवशी मॅडमची अवस्था बघवत नसे. त्या डबा उघडत नसत. मोबाइल हातातून खाली ठेवत नसत. एकदा एका मुलीनं त्यांना विचारलंच, मॅडम, तुमाले आमच्यासारखं भेव नाई वाटत का?

"तुमच्याहून जास्त वाटते," मॅडम म्हणाल्या. "पण भेव माहं हाय. त्याच्यापायी तुमी काऊन घरी बसावं?"

काही वर्षांनी रोशनी ढोले दुसऱ्या वर्षाला आली. आर्वीपासून सात-आठ किलोमीटरवर तिचं गाव. घरी वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. आई बाजारात भाजी घेऊन बसायची. पहिल्या वर्षी ह्या मुलीचा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. हजेरी घेताना ती नुसता हात वर करायची. तिला एक मोठी बहीण होती, शालू. शालूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या अपंगत्वाच्या दाखल्यावर नाव चुकीचं छापून आलं होतं आणि त्यामुळे दाखला असून नसल्यासारखा होता. बसची सवलत नाही, कुठल्या वर्गात प्रवेश नाही. बाप वर्ध्याच्या कचेरीत तीन वेळा जाऊन आला होता आणि मग त्यानं तो विषय सोडून दिला होता. रोशनीनं एकटीचं काम म्हणून हेच निवडलं.

मॅडमनी तिला आर्वीतलंच काही घे म्हणून सुचवलं होतं. ती ऐकेना. घरी विचारलं का, तर हो म्हणाली. एरवी मॅडम मुलीच्या शब्दावर थांबत नसत, स्वतः घरी फोन लावत. पण वहीत रोशनीच्या नावापुढे बापाचा नंबर होता, आणि रोशनी काकुळतीला येऊन म्हणाली की बाबाले फोन नोका करू, आईले सांगितलं आहे, तेवढं पुरे. मॅडमनी फोन केला नाही. इतक्या वर्षांत एवढी एकच वेळ.

ती सकाळी नऊच्या गाडीनं वर्ध्याला गेली. बारापर्यंत तिचा फोन लागत होता, ती उचलतही होती. लाइनीत आहे, एवढंच म्हणाली. साडेबारानंतर फोन बंद. अडीचला आर्वीत पोचणाऱ्या गाडीनं ती परत यायची होती. मी तीनला तास संपवून स्टँडवर गेले तेव्हा मॅडम फलाटाच्या कडेला उभ्या होत्या आणि अडीचची गाडी रिकामी होऊन डेपोत गेली होती.

सव्वातीनची आली. चारची आली. प्रत्येक गाडीला मॅडम दाराशी जाऊन उतरणारा एकेक माणूस बघत आणि शेवटी कंडक्टरला विचारत, पिवळ्या ओढणीची एक पोरगी वर्ध्याले दिसली का. कंडक्टर लोक त्यांना ओळखत. ते थांबून आठवून सांगत, नाही दिसली. मी वर्ध्यातल्या एका ओळखीच्या मुलाला कचेरीत पाठवायचं ठरवलं, तर त्याचा फोन लागेना. मॅडम सारख्या एकच गोष्ट बोलत होत्या, मी फोन करायला पाहिजे होता. दहा वेळा तरी म्हणाल्या असतील. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी बाटली हातात घेतली, झाकण काढलं आणि तशीच धरून उभ्या राहिल्या.

हिवाळ्याचे दिवस होते. पाचलाच ऊन फलाटावरून निघून गेलं. तेवढ्यात एक मोटरसायकल स्टँडच्या आत आली आणि एक काळासावळा, किडकिडीत माणूस उतरून इकडेतिकडे बघायला लागला. बोटांना माती, डोक्याला उपरणं. गावच्या गाडीतून पोरगी उतरली नाही म्हणून बघायला आलेले रोशनीचे वडील, हे विचारायची गरज नव्हती. मी मॅडमच्या दंडाला हात लावला. माझ्या मनात होतं की काहीतरी मोघम सांगू, जादा तास आहे म्हणू, तोवर मुलगी येईल. मॅडम माझा हात सोडवून सरळ त्यांच्याकडे गेल्या.

"भाऊ, रोशनी वर्ध्याले गेली. मी पाठवली. अजून आली नाई."

ढोले ओरडतील अशी माझी अपेक्षा होती. ते ओरडले नाहीत. "वर्ध्याले," ते म्हणाले. मग, "एकटी?" मॅडमनी मान हलवली. ढोले फलाटाच्या कठड्यावर बसले आणि दोन्ही हातांनी उपरणं धरून जमिनीकडे बघत राहिले. मॅडम त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या. दीड तास ती दोन माणसं तशीच होती. मधे एक गाडी आली, दोघंही एकदम पुढे झाली, दोघंही मागे आली.

पावणेसातच्या गाडीतून रोशनी उतरली. छातीशी प्लास्टिकची फाइल. उतरताना ती हसत होती. फलाटावर बापाला बघितलं आणि तिचं हसू गेलं.

मॅडमनी तिला काही विचारलं नाही. नुसता तिच्या डोक्यावर, खांद्यावर हात फिरवून बघितला, लागलंबिगलं आहे का ते बघतात तसा. मीच विचारलं, एवढा उशीर कसा झाला. ती बापाकडे न बघता सांगत गेली. फोनची बॅटरी संपली होती. दुपारी तिचा नंबर लागला तेव्हा खिडकीतले साहेब म्हणाले, दुरुस्तीचं काम आज होणार नाही, उद्या ये.

"मी म्हटलं, उद्या माह्याकडून येनं होत नाई. मी बसतो इथंच."

आणि ती समोरच्या बाकावर बसून राहिली होती. साहेब जेवून आले, चहा घेऊन आले, आणखी एकदा उद्या ये म्हणाले. ती उठली नाही. भांडली नाही, रडली नाही. बसून राहिली. पाच वाजता कुलूप लावायच्या आधी त्यांनी तिचे कागद मागून घेतले आणि नवा दाखला छापून सही-शिक्का करून दिला. मग स्टँडवर येईपर्यंत एक गाडी गेली होती.

ढोल्यांनी पोरीच्या हातातून फाइल घेतली. आतला कागद काढून दिव्याखाली धरला आणि बराच वेळ बघितला. मग तो घडी करून खिशात ठेवला, रोशनीला चल म्हणाले आणि मोटरसायकलवर बसवून घेऊन गेले. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही. ती दोघं दिसेनाशी झाल्यावर मॅडमनी पर्सचा बंद मनगटावरून सोडला. त्या तिथेच, ढोले बसले होते त्या कठड्यावर बसल्या. त्यांची गाडी केव्हाच निघून गेली होती. त्यांचे यजमान पुलगावहून कुणाची तरी गाडी मागून त्यांना घ्यायला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोले प्राचार्यांच्या खोलीत होते. आपल्याला न विचारता पोरीला परगावी पाठवलं, काही झालं असतं तर कोण जबाबदार, हे त्यांचं म्हणणं. त्यांचं काय चुकलं होतं? प्राचार्यांनी मॅडमकडून लेखी खुलासा मागितला आणि हा उपक्रम बंद केला असंही लिहून द्यायला सांगितलं. मॅडमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. खुलासा देण्याआधी त्यांनी मला वाचायला दिला. चार ओळी होत्या. घरी फोन करायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही, चूक माझी आहे.

मी म्हटलं, रोशनीनं घरी विचारल्याचं खोटं सांगितलं, आईलाही सांगितलं नव्हतं, ते लिहा ना. नाहीतर सगळं तुमच्यावर येतं.

"पोरीवर कशाले टाकू?" त्या म्हणाल्या. "खोटं बोलली ते घरच्या धाकानं बोलली. हौसेनं नाई."

रोशनी यायची बंद झाली. तिची मैत्रीण सांगायची की ती वाफ्यात काम करते, तिचा फोन काढून घेतला आहे. आणखी दोन घरांतून फोन आले की आमच्या पोरीले कुठं पाठवत जाऊ नका. मॅडमचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी गोळी बदलली. त्या शिकवत होत्या, गॅस बघत होत्या, मुलींना गाडीत बसवत होत्या, पण फळ्यावर लिहिताना त्यांचा हात आता कुठलाही आवाज नसताना थांबायचा. एका मुलीचं कॉलेज आपल्यामुळे सुटलं, ह्यापुढे त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला की दाखला तर मिळाला ना. त्या म्हणाल्या, दाखला शालूचा झाला, रोशनीचं काय?

पंधरा-वीस दिवसांनी त्या मला म्हणाल्या, ढोल्यांकडे जायचं आहे, येता का? मी नको म्हटलं. ते पुन्हा प्राचार्यांकडे जातील, तुमची चौकशी लागेल. मॅडमनाही हे ठाऊक होतं. तरी त्या निघाल्या, म्हणून मीही रिक्षात बसले.

आम्ही गेलो तेव्हा घरातली सगळी वाफ्यातच होती. मेथी उपटून जुड्या बांधायचं काम चाललं होतं. रोशनीनं आम्हाला बघितलं आणि मान खाली घातली. तिच्या शेजारी बसलेली शालू मात्र काम थांबवून मॅडमच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागली. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायची तिची सवय. तिचे हात एवढे चपळ होते की आई एक जुडी बांधेपर्यंत तिच्या दोन व्हायच्या. ढोले विहिरीकडून आले. बसा म्हणाले नाहीत. रोशनीच्या आईनं पोतं अंथरून दिलं, पण मॅडम बसल्या नाहीत.

"भाऊ, मी माफी मागाले आली," त्या म्हणाल्या. "मी तुमाले फोन कराले पाह्यजे होता. पोरीची चूक नाई. तिले कॉलेजात येऊ द्या. मी तिच्या वर्गावर येऊ नये असं वाटत असंल, तं मी प्राचार्यांले सांगून तसं करतो."

ढोले खाली वाकून मेथीतलं गवत काढायला लागले. मला वाटलं, निघावं आता. मग वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी विचारलं की ती कोणत्या खिडकीपाशी गेली होती. मॅडमना कळेना. ढोल्यांनी पुन्हा विचारलं, डाव्या हाताची का उजव्या, जाड साहेब होता का तो दुसरा. माझ्या लक्षात आलं की ह्या माणसानं पंधरा दिवसांत आपल्या पोरीला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारलेला नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, तिलेच विचारा ना, भाऊ.

ढोले उभे राहिले. पण ते रोशनीकडे बघेनात.

"मी तीन खेपा गेलतो, मॅडम," ते म्हणाले. "उद्या या म्हने का मी घरी येत होतो. हे पोरगी बसून राह्यली. मले काऊन नाई बसता आलं?"

विहिरीवरची मोटर चालू होती तेवढाच आवाज. त्यांना बसता का आलं नाही ह्याची शंभर कारणं मला देता आली असती. मॅडमनी एकही कारण दिलं नाही.

"मलेही नसतं आलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मीही परत आली असती."

ढोल्यांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. रोशनीच्या आईनं हातातली जुडी बांधून ढिगावर टाकली आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "सोमवारपासून येईन रोशनी कॉलेजात." ढोले परत वाकून गवत काढायला लागले. त्यांनी नाही म्हटलं नाही. निघताना आईनं मॅडमच्या पिशवीत मेथीच्या जुड्या कोंबल्या, आणि रोशनी रिक्षापर्यंत आली. येताना सोमवारी गृहअर्थशास्त्राचा तास कितीला आहे ते तिनं विचारलं.

ती आली. बदलून-बिदलून आली नाही. पूर्वीच्याच तिसऱ्या बाकावर बसायची, कमीच बोलायची. पण हजेरीला आता हात वर न करता 'हजर' म्हणायची. पुढच्या वर्षी माझ्या तासाला एकदा तिनं मला थांबवून सांगितलं की तुम्ही सांगता तो अर्थ मला पटत नाही. मी उत्तर दिलं. ते तिला पटलं नाही. प्रवेशाच्या फेऱ्यांत मी अजून जाते, आणि भेटते काय ह्याचं उत्तर देताना आता माझी पूर्वीसारखी घाई होत नाही.

उपक्रम बंदच राहिला. मॅडमनी लिहून दिलं होतं आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. पण मुली आपापल्या जायला लागल्या. घरी विचारून, कधी आईला घेऊन, आणि आल्यावर प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात एकमेकींना सांगत. मॅडम आत भांडी लावत बसल्यासारखं करीत. भांड्यांचा आवाज मात्र त्या वेळी बंद असायचा.

रोशनीची शेवटची परीक्षा झाली त्या जूनमध्ये ढोले पुन्हा कॉलेजात आले. मॅडमनी त्यांना फाटकातून येताना बघितलं आणि त्या प्रयोगशाळेत जाऊन बसल्या. आता आणखी काय झालं, हे विचारायला त्यांनी मला पुढे पाठवलं. काही झालं नव्हतं. वर्ध्याला बहिऱ्या मुलींसाठी शिलाईचा एक वर्ग होता आणि नव्या दाखल्यावर शालूला तिथे प्रवेश मिळाला होता. चार दिवस रोशनी तिच्यासोबत गेली होती. पाचव्या दिवशी शालूनं हातानं सांगितलं की आता मी एकटी जाईन. ढोल्यांना आपल्या डोळ्यांनी तिला गाडीत बसवणं होत नव्हतं. सोमवारी मॅडमनी स्टँडवर उभं राहावं, एवढं सांगायला ते आले होते.

मी मॅडमना बाहेर बोलावलं. ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"भाऊ, तिले ऐकू येत नाई. कंडक्टर काही बोलला तं? गाडी बदलली तं?"

"मी बी तेच म्हनतो," ढोले म्हणाले. "पन ते पोरगी आयकत नाई ना."

आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी जीभ चावली. मग मॅडमना हसू फुटलं, आणि ढोल्यांनाही. मॅडमना असं मोकळं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि लगेच त्यांनी डोळे पुसले.

त्या सोमवारनंतर दोन दिवसांनी, महिनाअखेर, मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभासकट ते दोन्ही दिवस मी रजेवर होते, माझा मुलगा आजारी होता. नंतर त्या यजमानांसह मुलीकडे अमरावतीला राहायला गेल्या. त्यामुळे तो सोमवार हीच आमची शेवटची भेट.

शालू हिरवा कुडता घालून आली होती, गळ्यात पास. ढोले तिला सोडून मागे न बघता निघून गेले होते. मॅडमनी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तिचं नाव, कुठे उतरायचं ते, आणि तीन फोन नंबर लिहून आणले होते. शालूनं पुठ्ठा वाचला, पिशवीत टाकला, गाडीत चढली आणि खिडकीची जागा धरली. मॅडम खालून हातानं सांगत राहिल्या, पिशवी सांभाळ, मधे उतरू नको. शालूनं दोन-तीनदा मान डोलावली आणि मग समोर बघायला लागली. गाडी सुटली.

मला तास होता. मी म्हटलं, चला मॅडम. त्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी येते. मी स्टँडच्या फाटकापर्यंत गेले असेन, तेवढ्यात वर्ध्याला लगोलग सुटणारी दुसरी गाडी बाहेर पडली आणि मला वाट द्यायला जरा थांबली. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर उमाटे मॅडम होत्या. दोन्ही हातांनी समोरची दांडी धरलेली, मान पुढे काढलेली. मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या ड्रायव्हरला काहीतरी सांगत होत्या आणि शालूची गाडी गेली त्या रस्त्याकडे बोट दाखवत होत्या. ड्रायव्हरनं मान हलवली आणि गियर टाकला.